डीव्हीडी ड्राइव्ह काढून त्या जागी डिस्क बसवलेलं कुणी आहे का इथं?

खानापूर_स्टुडिओ
शनिवार, रात्री 10:52

मंडळी, लांबलचक लिहिणार आहे, दमानं वाचा.

आमचा खानापुरात फोटो स्टुडिओ. आप्पांनी काढला, आता मी बघतो. लग्नाच्या शूटिंगला सोबत असतो तो लॅपटॉप 2013 चा, 15 इंची, तिसऱ्या पिढीचा आय-फाइव्ह. बटण दाबून चहा ठेवायला जावं, चहा उकळून, गाळून, कप घेऊन परत यावं, तरी पडद्यावरची चिन्हं एकेक करून उगवतच असतात. रॅम 4 ची 8 जीबी केली. दोन दिवस बरं वाटलं.

आत 1 टीबीची हार्ड डिस्क आहे, भरत आलेली. एसएसडी, म्हणजे फिरत्या तबकडीऐवजी चिपांवर साठवणारी वेगवान डिस्क, घालायची हे नक्की. पण जुनी डिस्कही आतच पाहिजे, कारण मांडवात लोंबती वायर मला नको. मागच्या सीझनला एका करवलीच्या पायात यूएसबीची वायर अडकली आणि बाहेरची डिस्क खुर्चीवरून थेट फरशीवर. तिच्यात मुहूर्ताचं काही नव्हतं म्हणून वाचलो.

व्हिडिओत बघितलं की डीव्हीडी ड्राइव्ह काढतात आणि त्या खाचेत कॅडी म्हणून एक चौकट मिळते ती सरकवतात. म्हणजे दोन डिस्क आत. हे खरंच चालतंय का? एसएसडी कॅडीत घालायची की हार्ड डिस्क? आणि तिसरा प्रश्न म्हणजे आप्पा. कपाटात 212 डीव्हीडी आहेत, 2005 पासूनच्या लग्नांच्या. अजून लोक येतात, आमची खराब झाली, एक कॉपी द्या म्हणून. ड्राइव्ह काढणार म्हटल्यावर आप्पा रात्री जेवताना एक शब्द बोलले नाहीत.

सध्या लग्नं नाहीत, तेवढ्यात हे उरकायचं बघायलोय.

निपाणीचा_गडी
शनिवार, रात्री 11:20

चालतंय की! दोन वर्सं झाली वापरतोय. कॅडी 400 रुपयाला, पंधरा मिनटाचं काम. आप्पांना यूएसबीवाला ड्राइव्ह घेऊन द्या, खूश.

टिळकवाडीकर
रविवार, सकाळी 7:35

गडी, माप आधी घेतलेलं असेल तर पंधरा मिनिटं. नाहीतर पंधरा दिवस.

खानापूर_स्टुडिओ, बाजारात जाण्याआधी ड्राइव्ह बाहेर काढून बघा. बॅटरी काढायची, लॅपटॉप पालथा घालायचा. ड्राइव्हला धरून ठेवणारा बहुतेक एकच स्क्रू असतो, तो काढला की ड्राइव्ह कडेने सरकत बाहेर येतो. मग पत्र्याच्या अंगाची जाडी मोजा, पुढच्या प्लास्टिकच्या पट्टीची नव्हे. 12.7 मिलिमीटर भरेल नाहीतर 9.5. काही मॉडेलांत 9.0 सुद्धा असतं. कॅडी त्याच मापाची लागते. तीन मिलिमीटर डोळ्याला दिसत नाहीत, खाचेला बरोबर कळतात.

आता कुठली डिस्क कुठं. बरेच जण जुनी डिस्क हलवायचा कंटाळा म्हणून एसएसडी कॅडीत कोंबतात. तुमच्या पिढीच्या इंटेल चिपसेटवर 6 गिगाबिटचे साटा पोर्ट (डिस्क बोर्डाला जोडायच्या जागा) फार तर दोन असत, बाकीचे 3 गिगाबिटचे. डीव्हीडीला वेग लागतो किती? 8 एक्सला सेकंदाला जेमतेम 11 एमबी. त्यामुळे त्या खाचेला बऱ्याचदा हळू पोर्ट दिलेला असतो. तारेवर एका बाइटमागे 10 बिट धावतात, म्हणून 3 गिगाबिट म्हणजे सेकंदाला 300 एमबी आणि 6 म्हणजे 600. साधी साटा एसएसडीसुद्धा 500 गाठते. ती कॅडीत घातली की जवळजवळ अर्धी कापली. उलट तुमच्या फिरत्या हार्ड डिस्कचा वेग 100 च्या आसपास, तिला 300 चा रस्ता ऐसपैस. शिवाय डीव्हीडीच्या खाचेतल्या डिस्कवरून सुरू व्हायला काही बायोस (लॅपटॉप चालू करणारा आतला प्रोग्राम) नकार देतात. तेव्हा एसएसडी मूळ जागेत, हार्ड डिस्क कॅडीत.

क्रिस्टलडिस्कइन्फो हा डिस्कची माहिती दाखवणारा प्रोग्राम टाकून बघा. ट्रान्सफर मोडच्या ओळीत साटा/300 की साटा/600 ते लिहून येतं. पुढं काय चालू आहे ते, मागं काय जमू शकतं ते.

शहापूर_अक्षरजुळणी
रविवार, सकाळी 11:10

टिळकवाडीकर, वेगाचा हिशोब पटला. जांबोटीच्या रस्त्याचा हिशोब कुणी करायचा?

मी डीटीपी करते, लग्नपत्रिका आणि अहवाल. चार वर्षांपूर्वी तुम्ही सांगता तसंच केलं होतं. एसएसडी आत, हार्ड डिस्क कॅडीत. लॅपटॉप घर ते दुकान, दुकान ते छापखाना असा रोज स्कूटीवर. आठ महिन्यांनी उजव्या तळव्याखाली बारीक टक्‌टक्‌ लागायला लागली. मला वाटलं पंखा. गणपतीच्या आधीच्या आठवड्यात डिस्क गेली. मंडळांच्या पावतीपुस्तकांची 11 कामं पुन्हा बसून जुळवली, रात्री दोन-दोनपर्यंत. आजही टक्‌टक्‌ ऐकू आली की पोटात गोळा येतो.

नंतर उघडून बघितलं तेव्हा कळलं. मूळ जागेत डिस्कच्या कोपऱ्यांना रबरी बुचं होती. काही लॅपटॉपांत तर हिसका ओळखून डिस्कचं हेड बाजूला नेणारा सेन्सरही असतो. कॅडीत काय? पत्र्याची चौकट आणि चार स्क्रू. माझ्या डिस्कची जाडी 7 मिलिमीटर, चौकट 12.7 ची, मध्ये पोकळी. आत ती नुसती डुगडुगत होती. शेजारच्या शिंप्याकडून फोमचा तुकडा आणून घातला असता तर कदाचित वाचली असती.

तर फिरतीवरचा लॅपटॉप असेल तर उलट करा असं माझं मत. एसएसडीत हलणारं काही नसतं, तिला हिसक्यांचं भय नाही. वेग अर्धा झाला तरी चहाच्या आधी लॅपटॉप सुरू होईल.

टिळकवाडीकर
रविवार, दुपारी 12:02

मान्य. माझा लॅपटॉप टेबल सोडत नाही, म्हणून हे माझ्या डोक्यात आलंच नाही. पण बायोसचा मुद्दा उभाच राहतो. आधी त्या खाचेवरून सुरू होतो का हे बघितल्याशिवाय उलट करू नका.

जुना_पेंटियम
रविवार, रात्री 9:15

तुम्ही सगळे कुठली डिस्क कुठं यावर भांडताय. मला पडलेला प्रश्न वेगळा आहे. ड्राइव्ह काढायचाच कशाला?

थोडं जुनं सांगतो. मुलांना इलेक्ट्रॉनिक्स शिकवण्यात वर्षं गेली, सवय जात नाही. 2010 साली हिताची-एलजी डेटा स्टोरेज या कंपनीने हायड्राइव्ह नावाची चीज दाखवली होती. दिसायला लॅपटॉपचा साधा डीव्हीडी ड्राइव्ह, पण पोटात फ्लॅश मेमरी, 32 किंवा 64 जीबी. म्हणजे ज्या खाचेत आपण आज कॅडी सरकवतो, त्याच खाचेत तबकडीही फिरणार आणि एसएसडीही नांदणार. काढाकाढी नाही, आप्पांचा रुसवा नाही. कल्पना मला तेव्हाही आवडली होती, आजही आवडते.

मग ती घरोघर का पोचली नाही? त्या वेळी फ्लॅश महाग होती हे एक. दुसरं म्हणजे ज्या खाचेच्या भरवशावर हे सगळं उभं, ती खाचच जायला लागली. 2008 चा मॅकबुक एअर डीव्हीडी ड्राइव्हशिवाय आला. 2011 मध्ये इंटेलने अल्ट्राबुकचा, म्हणजे पातळ लॅपटॉपांचा घाट घातला, 2012 च्या रेटिना मॅकबुक प्रोमधूनही ड्राइव्ह गेला. घर पाडायला घेतलं असताना माळा बांधून काय उपयोग? आणि एसएसडी स्वतः च्युइंगमच्या पट्टीएवढी झाली, आधी एमसाटा, मग एम डॉट टू. तिला कुणाच्या पोटात राहायची गरज उरली नाही.

यातला एमसाटा तुमच्या कामाचा. 2012-13 च्या काही लॅपटॉपांत वायफायच्या कार्डाशेजारी एक मोकळा स्लॉट असतो. मागचं झाकण काढून बघा. असलाच तर एमसाटा एसएसडी तिथं बसेल, हार्ड डिस्क आपल्या रबरी बुचांत राहील आणि डीव्हीडीही जागेवर. तिघंही सुखी. फक्त एक फसवणूक आहे. मिनी पीसीआय एक्सप्रेसचा, म्हणजे वायफायसारख्या कार्डांचा स्लॉट दिसायला हुबेहूब तसाच असतो. त्याला साटाच्या तारा जोडलेल्या नसतील तर कार्ड बसतं, दिसत मात्र नाही. म्हणून मॉडेलचं सर्व्हिस मॅन्युअल वाचल्याशिवाय पैसे घालू नका.

निपाणीचा_गडी
रविवार, रात्री 9:31

सर, तुमच्या वर्गात असतो तर इंजिनिअर झालो असतो. आता तंबाखूच्या वखारीचा हिशोब ठेवतोय 😄

खानापूर_स्टुडिओ
मंगळवार, रात्री 8:40

मंडळी, शिव्या द्या. मी माप न घेता कॅडी आणली.

झालं असं, सोमवारी दवाखान्याच्या कामानं बेळगावात गेलो होतो. खडेबाजारातून जाताना एका दुकानात विचारलं. त्यानं बघितलं पण नाही, "एल्लाक्कू फिट आगतैत्री सर" (सगळ्याला बसतंय सर) म्हणून डबी हातात दिली. 350 रुपये. घरी येऊन ड्राइव्ह काढला, आप्पांची फूटपट्टी लावली. साडेनऊ. कॅडी 12.7 ची. खाचेच्या तोंडाशीच अडली. बदलायला परत 26 किलोमीटर, बसचं तिकीट आणि पावसात भिजणं आलं. फोन केला तर म्हणाला बदलून देतो, पण साडेनऊची मागवावी लागेल, आठवडा लागेल.

झाकण काढून बघितलं. मोकळा स्लॉट आहे! जीव हरखला. मग पेंटियम सरांचं वाक्य आठवलं, मॅन्युअल शोधून वाचलं. साटा नाही, नुसता मिनी पीसीआय एक्सप्रेस. सर, हजार-दीड हजार वाचवलेत.

आप्पा अंगणातून बघत होते. ड्राइव्ह हातात घेऊन म्हणाले, "एवढासाच काय हा?" एवढंच.

टिळकवाडीकर
मंगळवार, रात्री 9:05

आठवडा मिळालाय ना, मग तो वाया घालवू नका. ड्राइव्ह परत खाचेत घाला आणि 212 डीव्हीडी आत्ताच उतरवून घ्या. हे मी आधी सांगायला हवं होतं. आतला ड्राइव्ह सरळ बोर्डाला जोडलेला असतो, वीज पुरेशी, मध्ये कुठलं रूपांतर नाही. बाहेर काढून यूएसबीच्या डबीत घातला की कुरकुर सुरू होते.

हिशोब करा. भरलेली डीव्हीडी उतरायला दहा-बारा मिनिटं. 212 म्हणजे चाळीसेक तास. स्टुडिओत बसल्या बसल्या रोज 30 काढल्या तर आठवड्यात संपतात. जागा 900 जीबीच्या आत-बाहेर लागेल, म्हणजे जुन्या डिस्कवर मावणार नाही. घरी ठेवायला 2 टीबीची वेगळी डिस्क घ्याच.

फायली ओढून कॉपी करू नका. पूर्ण तबकडीची आयएसओ प्रतिमा घ्या, म्हणजे मेनूसकट राहते. पेनड्राइव्हवर लिनक्स मिंट (विंडोजसारखीच, पण फुकटची सिस्टिम) टाका, तिथून लॅपटॉप सुरू करा आणि डीडीरेस्क्यू वापरा. हा प्रोग्राम ओरखड्याशी अडून बसत नाही. आधी सरळ वाचतं ते सगळं उचलतो, अडलेल्या जागांची नोंद एका मॅप फायलीत ठेवतो आणि मग परत येऊन त्या जागा पुन्हा पुन्हा खरवडतो. मॅप फायली पुसू नका, पुढं लागतील.

शहापूर_अक्षरजुळणी
मंगळवार, रात्री 9:48

आणि तबकड्यांवर नवरा-नवरीच्या फोटोचे गोल स्टिकर लावलेले असतील तर ते ओढून काढायच्या भानगडीत पडू नका. आमच्याकडे छापून जायचे ते, मला माहीत आहेत. पावसाळ्यात कडेला फुगतात. अर्धवट निघालेला स्टिकर तबकडीचा तोल घालवतो आणि ड्राइव्ह घरघरतो. फुगा असेल तर बोटाने दाबून बसवा आणि कमी वेगाने वाचा. सीडी असेल तर जास्तच जपा. सीडीचा डेटा लेबलाच्या लगेच खाली असतो, वर नुसता लाखेचा पातळ हात. स्टिकरबरोबर डेटाच सोलून निघतो. डीव्हीडीत तो दोन चकत्यांच्या मध्ये असतो, म्हणून थोडी तगते.

पुसताना गोल गोल नाही. मधल्या भोकाकडून बाहेर, सरळ रेषेत. मऊ सुती कापड.

जुना_पेंटियम
मंगळवार, रात्री 10:20

एक भर. सगळं उतरवून एसएसडीवर टाकलं आणि ती कपाटात ठेवली असं करू नका. फ्लॅशमध्ये विद्युतभार कोंडलेला असतो, तो हळूहळू झिरपतो. घरगुती एसएसडीसाठी जेडेक या चिप उद्योगाच्या संस्थेचं मानक आहे, लिहून लिहून आयुष्य संपलेल्या एसएसडीने विजेशिवाय 30 अंशांत एक वर्ष डेटा टिकवला पाहिजे. नवी त्याहून बरीच जास्त टिकवेल, पण कपाटात ठेवायची वस्तू ती नव्हे. कपाटासाठी फिरती हार्ड डिस्क बरी, दोन ठेवा. आणि तबकड्या फेकू नका.

बेळगावी_पुण्यात
बुधवार, सकाळी 8:12

मध्येच बोलतो, पण 2013 च्या लॅपटॉपवर एवढा खर्च? विंडोज 11 त्यावर अधिकृतपणे चढत नाही. विंडोज 10 चा सर्वसाधारण आधार 14 ऑक्टोबर 2025 ला संपला. सेकंडहँड नवा घ्या की.

खानापूर_स्टुडिओ
बुधवार, सकाळी 8:40

दादा, पुण्यातून सांगणं सोपं आहे 🙂 या लॅपटॉपवर मी बँकेचं काही करत नाही, नेटला जोडतही नाही. मांडवात कॅमेऱ्याची कार्डं रिकामी करायची आणि लोकांना ट्रेलर दाखवायचा, एवढंच काम. त्याला हा म्हातारा पुरे.

निपाणीचा_गडी
बुधवार, सकाळी 9:02

बरोबर हाय. बैल म्हातारा झाला म्हणून गाडीबी विकायची व्हय?

खानापूर_स्टुडिओ
पुढचा गुरुवार, रात्री 11:30

झालं! सविस्तर सांगतो, पुढं कुणाला लागेल.

डीव्हीडी उतरवायला आठवडाच लागला. आप्पा स्वतः बसले. मी एकदा दाखवलं, मग तबकडी घालणं, काढणं, वहीत नंबर लिहिणं सगळं त्यांनीच केलं. प्रत्येक लग्नाला एक गोष्ट. हा नवरदेव मुहूर्ताला सापडेना, नंदगडच्या या लग्नात लाईट गेली म्हणून पेट्रोमॅक्सवर शूटिंग. त्या लग्नाचं चित्र खरंच पिवळं आहे. एकूण 780 जीबी भरले.

साडेनऊची कॅडी आली, त्यानं बदलून दिली. आता जोडणी. ड्राइव्हच्या पुढच्या बारीक भोकात यू पिन सरळ करून खुपसली, ट्रे बाहेर आला, मग पुढची प्लास्टिकची पट्टी अडकवण्या दाबून सुटली. तीच पट्टी कॅडीला लावली. मागच्या बाजूला एक छोटी पत्र्याची पट्टी असते, दोन बारीक स्क्रूची, लॅपटॉपचा स्क्रू तिच्यातच बसतो. ती विसरलात तर कॅडी चालता चालता बाहेर घसरेल. मी विसरलो होतो.

कुठली कुठं याचा निकाल असा लागला: आधी शहापूर ताईंचं ऐकून एसएसडी कॅडीत घातली. लॅपटॉपला ती दिसली, पण तिच्यावरून सुरू होईना. बायोसच्या यादीत त्या खाचेसाठी फक्त सीडी-डीव्हीडी असंच नाव. कॅडीच्या कनेक्टरपाशी एक इवलासा स्विच आहे, तो इकडं तिकडं करून बघितला, फरक नाही. म्हणून उलट केलं. एसएसडी आत, हार्ड डिस्क कॅडीत, दोन्ही बाजूंना कॅमेऱ्याच्या बॅगेतल्या फोमच्या पातळ पट्ट्या. क्रिस्टलडिस्कइन्फोत एसएसडी साटा/600, कॅडी साटा/300. टिळकवाडीकरांनी न बघता सांगितलं होतं तेच.

एक चूक मी केली नाही, कारण पेंटियम सरांनी फोनवर बजावलं होतं. विंडोज टाकताना जुनी डिस्क बाहेर ठेवली. ती आत असली तर नव्या विंडोजची सुरुवातीची फाइल गुपचूप जुन्या डिस्कवर जाऊन बसते, आणि पुढं कधी ती काढली की लॅपटॉप सुरूच होत नाही.

आता बटण दाबल्यापासून 19 सेकंद. चहा ठेवायला वेळच नाही.

शहापूर_अक्षरजुळणी
शुक्रवार, सकाळी 10:05

छान झालं. तरी त्या डिस्कवर एकुलती एक प्रत ठेवू नका. आणि एसटीत लॅपटॉप झोपवून ठेवू नका, पूर्ण बंद करा. झोपेतला कधी जागा होतो आणि डिस्क फिरायला लागते ते कळतही नाही.

खानापूर_स्टुडिओ
शुक्रवार, दुपारी 1:15

होय ताई, घरी 2 टीबीवर एक आणि मामांकडे एक प्रत आहे.

जुना ड्राइव्ह यूएसबीच्या डबीत घातलाय, आप्पांच्या टेबलावर. पहिल्यांदा तबकडी फिरायच्या वेळी नुसता क्लिक क्लिक करून मरायचा. यूएसबी 2 ला अर्धा अँपिअर मिळतो, त्याला उठताना जास्त लागतो. दोन प्लगची वायर आणली, दोन्ही पोर्टात खुपसली, आता चालतो.

एक अडचण उरली. 212 पैकी 3 पूर्ण उतरल्या नाहीत. दोन 96-97 टक्के, एक 81. ती 81 वाली आप्पांच्या धाकट्या बहिणीच्या लग्नाची आहे. डीडीरेस्क्यू दोन रात्री चालवला, पुढं सरकत नाही.

टिळकवाडीकर
शुक्रवार, दुपारी 2:30

मॅप फायली ठेवल्यात ना? मग काम अजून संपलं नाही. प्रत्येक ड्राइव्हची नजर वेगळी असते, एकाला न दिसलेलं दुसऱ्याला दिसतं. तीच आयएसओ आणि तीच मॅप फाइल घेऊन दुसऱ्या ड्राइव्हवर चालवलं की तो फक्त राहिलेल्या जागा वाचतो. माझ्याकडे डेस्कटॉपचा जाडजूड रायटर आहे, 2007 चा, अजून ठणठणीत. रविवारी तबकड्या घेऊन या. पहिल्या रेल्वे गेटपाशी आलात की फोन करा.

खानापूर_स्टुडिओ
शुक्रवार, दुपारी 2:41

येतो. आप्पाही येणार म्हणतात. घरचा कापा फणस आणतो.

टिळकवाडीकर
शुक्रवार, दुपारी 2:44

गरे काढून आणा. अख्खा आणलात तर घरचे मलाच खाचेतून बाहेर काढतील.